सिस्टीन चॅपेलसाठी जरा वेळ ठेवा

महोदय,

उन्हाळी परदेश सहलींच्या जाहिराती आपल्या अंकात झळकू लागल्या आहेत, म्हणून हे पत्र. मी निवृत्त बांधकाम ठेकेदार. गेल्या वर्षी एका सहल कंपनीबरोबर रोमला गेलो. निघण्याआधीच्या बैठकीत बॅगांचं वजन आणि रात्रीचं भारतीय जेवण यावर तासभर खल झाला. व्हॅटिकनबद्दल एवढंच कळलं, की खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

सिस्टीन चॅपेल म्हणजे व्हॅटिकनच्या संग्रहालयातलं, छत आणि भिंती चित्रांनी भरलेलं पोपचं प्रार्थनागृह. त्याच्या आत गाइडला बोलायला मनाई आहे. म्हणून बाहेर अंगणातल्या फलकांसमोरच सगळं सांगून घेतात. आमच्या गाइडने ते पाच मिनिटांत उरकलं आणि चित्रकार-शिल्पकार मायकेलअँजेलोने उताणं पडून छतावरची चित्रं रंगवली, असंही ठोकून दिलं. खरं तर मायकेलअँजेलो उभा राहून, मान मागे टाकून रंगवत होता. १५०८ ते १५१२. परांचीही त्याचीच. खिडक्यांच्या वरच्या बाजूला भिंतीत भोकं पाडून त्यांत आधार बसवले, जमिनीवर एक वासा टेकवला नाही. खाली प्रार्थना चालू, वर सुमारे वीस मीटरवर काम चालू! आमच्या धंद्यातल्या माणसाने हात जोडावेत.

आणि रंग ओल्या चुन्यावर. दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी करायचा. वाळला की रंग धरत नाही. बिघडलं तर फोडून पुन्हा. सुरुवातीला गिलावा जास्त ओला राहून बुरशीही आली होती. पावसाळ्यात घाईने कामं उरकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रोजच्या गिलाव्याचे सांधे मी दुर्बिणीने शोधले, सापडले नाहीत. तेवढ्यात बाहेर काढलं. भिंतींवरची बोत्तिचेल्ली या चित्रकाराची चित्रं तर राहूनच गेली.

फोटोला बंदी असताना आमच्यातलेच काही जण मोबाइल वर धरून उभे होते. रखवालदार ओरडत होता. काय बघायचं हेच ठाऊक नसेल तर माणूस दुसरं काय करणार?

सहल कंपन्यांनी जेवणाच्या चर्चेतला अर्धा तास या छताला द्यावा आणि आत निदान अर्धा तास बसू द्यावं. भिंतीलगत बाकं आहेत. प्रवाशांनीही कार्यक्रमपत्रिका तपासावी. व्हॅटिकनचं हे संग्रहालय एरवी रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट प्रवेश असतो, पण तेव्हाची गर्दी विचारू नका. व्हॅटिकनसाठी रविवार आला असेल तर पैसे भरण्याआधीच दिवस बदलून मागावा.

– एक निवृत्त ठेकेदार, सातारा