आकड्यांकडे संशयाने बघायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर तुमचं नाव आहेच. पण ते पान मार्गदर्शकांपासून ग्रंथपालांपर्यंत सगळ्यांचं असतं. तुमच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली. म्हणून हे जाहीर पत्र.

कामाच्या ठिकाणच्या माणसांवरचं संशोधन शिकवणाऱ्या तुमच्या वर्गात आम्ही बहुतेक जण प्रश्नावली, सहसंबंध आणि प्रतिगमन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणं) एवढ्या भांडवलावर आलो होतो. मल्टिलेव्हल मॉडेलिंग, म्हणजे माणूस, टीम असे स्तर वेगळे धरून केलेलं विश्लेषण, शिकायचं म्हणून लॅपटॉप उघडून बसलेल्या आम्हाला तुम्ही आधी ते मिटायला लावलेत. ‘हा आकडा आणखी कशामुळे असा आला असेल?’ याचं उत्तर कागदावर लिहा, मग सॉफ्टवेअर. तेव्हा वैताग आला होता, खोटं कशाला बोलू!

पण त्या प्रश्नाने आमचे आवडते निष्कर्ष एकेक करून हलवले. एकाच कर्मचाऱ्याने एकाच बैठकीत ‘कामाचा ताण किती’ आणि ‘थकवा किती’ दोन्ही भरलं, तर सहसंबंधातला काही भाग त्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीचाच असणार. यावर हार्मनची एक-घटक चाचणी (सगळ्या उत्तरांमागे एकच घटक आहे का ते बघणारी) लावून सुटका करून घ्यायची आमच्याकडे रीतच आहे. त्या चाचणीने काही सिद्ध होत नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. दोन मोजमापांत अंतर ठेवा, कामगिरी वरिष्ठांकडून घ्या, रजा नोंदींतून घ्या. आणि लगेच पुढे: आजारी असूनही कामावर येणारे हजेरीपटात दिसत नाहीत, तेव्हा त्यावरही डोळे झाकून विसंबू नका.

स्तरांचा धडा तर मी आता दुसऱ्यांना शिकवते. ज्या टीममध्ये ताण जास्त तिथे चुका जास्त, म्हणून ताणलेला माणूस जास्त चुका करतो, असं म्हणता येत नाही. रॉबिन्सनने १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं, की परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा संबंध राज्यांच्या पातळीवर ऋण दिसतो, तर व्यक्तींच्या पातळीवर धन. डायरी अभ्यासात, म्हणजे तीच माणसं रोज नोंदी भरतात तिथे, तर एका माणसाच्या आतही दोन स्तर निघतात: इतरांपेक्षा जास्त ताण असणारा माणूस, आणि स्वतःच्या नेहमीपेक्षा जास्त ताणाचा दिवस. प्रत्येकाची सरासरी वेगळी काढल्याशिवाय हे दोन्ही एकमेकांत मिसळतात.

सगळ्यात जास्त मात्र निवड-चाचण्यांवरचं ते सत्र लक्षात आहे. श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ च्या लेखातला बौद्धिक क्षमतेचा ०.५१ हा वैधता-गुणांक, म्हणजे चाचणीतले गुण आणि कामातली कामगिरी यांचा सहसंबंध, आम्हाला पाठ होता. तुम्ही त्याच्या शेजारी सॅकेट आणि सहकाऱ्यांचा २०२२ चा लेख ठेवलात. त्यात तोच आकडा ०.३१, आणि संरचित मुलाखत (सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न) ०.४२ वर सर्वांत पुढे. माणसांची बुद्धी काही मधल्या काळात बदलली नव्हती. फरक मुख्यतः दुरुस्तीच्या गणितातला होता. निवडलेल्या उमेदवारांत गुणांचा पल्ला आखूड होतो, म्हणून सहसंबंध कमी दिसतो आणि तो वर नेऊन दुरुस्त करतात. पण बरेचसे अभ्यास आधीपासून नोकरीत असलेल्यांवर झालेले. तिथे पल्ला सहसा तेवढा आखडलेला नसतो, तरी दुरुस्ती सरसकट केलेली. वर्गात कोणीतरी जुन्या लेखावर हसलं, तर तुम्ही थांबवलंत. दुरुस्तीचं सूत्र ठीकच आहे, म्हणालात. लोक कुठून आले ते आधी विचारायला हवं होतं.

आणि रात्री उशिरा केलेल्या ई-मेलना दिलेली उत्तरं! माझं मॉडेल कन्व्हर्ज होईना, म्हणजे गणित स्थिर उत्तरावर येईना, तेव्हा तुम्ही रँडम स्लोप (परिणाम प्रत्येकासाठी वेगळा असू देणारा भाग) काढायला परवानगी दिलीत, पण कारण प्रबंधात लिहायची अट घालून. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं.

सध्या मी कामाच्या पाळ्या आणि झोप यांवर डायरी अभ्यास आखतेय. आराखडा आणि विश्लेषणाची योजना पुढच्या आठवड्यात पाठवते. माहिती गोळा व्हायच्या आत तो लाल पेनाने भरून परत करा, एवढी विनंती. आणि नव्या बॅचला मिसिंग डेटासाठी (न मिळालेल्या उत्तरांचं काय करायचं यासाठी) आणखी एक सत्र द्याच. आमच्या वेळी ते फार घाईत उरकलंत, ही माझी एकमेव तक्रार.

आपली विद्यार्थिनी