माळावर खड्डे घेऊ नका

महोदय,

सुप्याच्या बाजारात फलक लागला आहे : येत्या पावसाळ्यात गावाशेजारच्या 'ओसाड' माळावर हजारो झाडे लावून नंदनवन फुलवणार. फलकावर सगळ्यांचे हात जोडलेले फोटो आहेत. ज्या माळाचे नंदनवन होणार त्याचा मात्र एकही नाही.

मी दूध संकलनाचा टेम्पो चालवतो. पहाटे याच माळाच्या वाटेने जातो, त्यामुळे तिथे कोण राहते ते थोडेफार माहीत आहे.

सध्या तिथे अंडी-पिलांचे दिवस आहेत. माळटिटवी आणि धाविक हे पक्षी काड्या गोळा करून घरटे बांधतच नाहीत. उघड्या मुरमावर जरासा खोलगा केला की झाले. टिटवीची चार अंडी, धाविकाची दोन-तीन, आणि रंग असा की दोन पावलांवरून खडा कुठला नि अंडे कुठले ते कळत नाही. मग जेसीबीवाल्याला वर केबिनमध्ये बसून काय दिसणार? पखुर्डी या पक्ष्याचे तर नवल वाटते. नर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवतो आणि ते पाणी दूरवरच्या पिलांना नेऊन पाजतो.

हा माळ ओसाड नाही. इथे पाऊस कमी, माती वीतभर, खाली मुरूम. अशा जागी गवतच यायचे : पवना, कुसळी, मारवेल. मधूनच एखादी बोर, एखादा हिवर. सरकारी दप्तरात गवताळ जमीन 'पडीक' ठरली, म्हणून जो तो ती सुधारायला निघतो. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. मोकळी जागा दिसली की खड्डे घ्यायचे ही सवय काही सुटत नाही. गिरिपुष्पाचे झाड लावले तर जगतेही. पण त्याची सावली दाटली की खालचे गवत मरते, आणि गवताबरोबर नाकतोडे जातात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी नाकतोडे खातात आणि रात्री गवतातच, जमिनीवर मुक्काम करतात. त्यांना झाड नकोच आहे.

चिंकारा, खोकड, लांडगा यांनाही उघडा माळ लागतो. इथल्या मेंढपाळांचे लांडग्याशी काही प्रेमाचे नाते नाही, अधूनमधून कोकरू जातेच. तरी माळावर झाडी उठवा असे त्यांच्यातले कोणी म्हणाल्याचे मी ऐकलेले नाही. मेंढरे चरणार कुठे?

१९९७ मध्ये चिंकाऱ्यासाठी इथे सुप्याजवळच मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारा काही हद्दीचे दगड वाचत नाही. आजूबाजूला माळ उरला आहे म्हणून त्याचे निभते.

झाडांना माझा विरोध नाही. बाजाराच्या दिवशी भर उन्हात भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांच्या डोक्यावर सावली हवी, रस्त्याकडेला हवी, शाळेच्या पटांगणात हवी. तिथे वड लावा, लिंब लावा. पाणी घालायला मी येतो. परतीच्या फेरीला माझे कॅन रिकामेच असतात. आणि प्राण्यांसाठीच काही करायचे असेल, तर हरणांच्या पाडसांमागे लागणाऱ्या गावातल्या मोकाट कुत्र्यांचे आधी बघा. त्या कामाचा फलक चांगला दिसणार नाही, हे खरे.

माळावर फक्कीने आखणी झालेली आहे. यंत्र येण्याआधी वनखात्याच्या कोणीतरी एकदा तिथे पायी फिरून पाहावे, एवढी विनंती.

– एक टेम्पोचालक, सुपे (ता. बारामती)