मधलं बोट आलं की खाली

नागपूर,
२ ऑगस्ट

प्रिय मन्या,

पहाटेचे तीन वाजून गेले. घरचे सगळे झोपले, बाहेर पत्र्यावरून अजून थेंब पडून राहिले आणि माझ्या कानातला तानपुरा काही थांबत नाही. तुला फोनच करणार होतो. पण तू झोपेतून उठून "काय झालं बे?" म्हणशील, आणि हे दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसलो.

काल रात्री महाल भागातल्या एका वाड्यात गाण्याची बैठक होती. घरगुती. तिकीट नाही, पत्रिका नाही, एकाने दुसऱ्याला सांगितलेलं. साठ-सत्तर माणसं सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेली. गायिका तिशीची असेल. तिला मी आधी कधी ऐकलं नव्हतं. सोबत रेवा होती. तू पाहिलीस तेव्हा ती शाळेतही जात नव्हती, आता आठवीत आहे. तिला मी ओढून नेलं नाही, स्वतःहून आली. पण फोन हातात होताच, आल्याबरोबर तिने रेकॉर्डिंग लावून तो समोर ठेवून दिला.

पाऊस संध्याकाळपासून लागला होता. तबलेवाल्याचे हाल तुला माहीत आहेत. हवेत ओल आली की चामडं सैल पडतं, सूर उतरतो. तो बिचारा दर दोन मिनिटांनी हातोडी घेऊन गट्ठे ठोकून राहिला होता. जुळवाजुळवीतच वीस मिनिटं गेली. मला ती वीस मिनिटं फार आवडतात. लोक घड्याळ पाहतात, पण दोन तानपुरे हळूहळू एकमेकांच्या जवळ येतात आणि मग एका क्षणी खोलीच बदलते, ते पाहायला मी गाण्याच्या आधी अर्धा तास जाऊन बसतो. ही सवय कोणाची हे तुला सांगायला नको.

तिने मियाँ मल्हार राग घेतला. विलंबित एकताल, बारा मात्रा, अगदी संथ. पहिली दहा मिनिटं ती नुसती मंद्रात, खालच्या सुरांत फिरत होती. त्या रागातले दोन निषाद, कोमल आणि शुद्ध, एकाला एक लागून येतात ना, ते ती असे लावत होती की कुठे एक संपला आणि कुठे दुसरा सुरू झाला ते कळू नये. बाहेर खरोखरचा पाऊस. माझ्या बाजूला एक अनोळखी आजोबा बसले होते, ते डोळे मिटून नुसती मान हलवत होते.

आणि लाइट गेले.

पंखे थांबले, माइक गेला, अंधार गुडुप. कोणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला, लगेच मागून आवाज आला, "बंद करा तो." घरच्या काकूंनी देवघरातली समई आणून गायिकेसमोर ठेवली. आणि ती थांबली नव्हतीच, मन्या. माइक गेला त्या क्षणी ती गंधारावर होती, तो कोमल गंधार आंदोलन घेत तसाच पुढे चालू राहिला. फक्त स्पीकरमधून येणारा आवाज तिच्या गळ्यातून यायला लागला.

तेव्हा पहिल्यांदा मला तानपुरे ऐकू आले. म्हणजे आधीही येत होते, पण ते स्पीकरचे. आता लाकडाचे आणि तारेचे आले. षड्जाच्या तारेतून वर तो बारीक गंधार उमटतो, काका, तुझे बाबा, नेहमी म्हणायचे ना, "तानपुरेवाला ज्याला हात लावत नाही तो सूर ऐक", तो ऐकला. साठ माणसं श्वास धरून बसलेली. खोकल्याचा आवाज नाही. अंगणात पन्हाळीतून बादलीत पाणी पडत होतं तेही ऐकू येत होतं, आणि त्याचा काही त्रास होत नव्हता.

अर्धा तास असा गेला. मधेच माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. उजवा हात गुडघ्यावर, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकून राहिला. करंगळीची तीन, अनामिकेची तीन, मधल्या बोटाची तीन, तर्जनीची तीन. बारा. एकताल.

मी मोजतो आहे हे मला माहीतच नव्हतं. समईच्या उजेडात तो हात मला माझा वाटला नाही. तो काकांचा हात होता.

तुला आठवते ना देशपांडे सभागृहातली ती रात्र? आपण नुकते कॉलेजात गेलो होतो. काकांच्या स्कूटरवर तिघं बसून सिव्हिल लाइन्सला गेलो, तू मधे, मी मागे अर्धा लटकलेला. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळे एकदम "वाह" म्हणायचे, आणि आपल्याला ती जागा का कळली नाही म्हणून मला रडू यायचं बाकी होतं. काकांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत. माझा हात उचलून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि माझाच अंगठा धरून पेरांवर फिरवायला लागले. तीनताल चालला होता. तीन पेरं आणि वरचं टोक, एका बोटाला चार, चार बोटांच्या सोळा. "मधलं बोट आलं की खाली. तिथे तबल्याचा डग्गा हलका होतो बघ. मग तर्जनी, आणि परत करंगळी. करंगळीवर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा." पाच-सहा आवर्तनं त्यांनी माझा अंगठा धरून ठेवला. सातव्याला सोडला. आणि आठव्याला सभागृहातल्या सगळ्यांबरोबर, एका क्षणाचाही फरक न पडता, माझी मान खाली आली. त्यांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसते हसले, समोर बघत.

त्या एका रात्रीवर माझी पुढची वीस वर्षं चालली आहेत बे. अतिशयोक्ती करत नाही.

मग आपण काय काय ऐकलं! ताजबागेत उरुसाच्या रात्रीची कव्वाली, तो एकच मिसरा धरून त्यात शेरावर शेर गुंफत जाणारा कव्वाल, मागे टाळ्या धरणारी ती सहा माणसं. इंदोरा वस्तीतला कव्वालीचा दुय्यम सामना: समोरासमोर दोन पार्ट्या, एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच तो फेडायचा, आणि मधे बाबासाहेबांवरचं गाणं लागलं की अख्खा मांडव उभा राहायचा. मांडीवर लेकरं झोपलेल्या बाया पहाटेपर्यंत हलल्या नव्हत्या. तिथेही काका होते. मी विचारलं, "हे कसं मोजायचं?" तर म्हणाले, "केहरवा आहे, आठ मात्रा. याला दोनच बोटं लागतात." शास्त्रीय वरचं आणि हे खालचं असं त्यांच्या बोलण्यात एकदाही आलं नाही. ज्याला ठेका आहे ते मोजायचं, बस. नंतर पुष्कळ मोठ्या जाणकारांशी बोललो, इतके स्वच्छ कान असलेला माणूस भेटला नाही.

आणि कार्यक्रमानंतरच्या त्या रात्री. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून स्कूटर बंद करून ढकलत चालायचं, कारण इंजिनाच्या आवाजाने कानातलं गाणं जाईल. झिरो माइलच्या घोड्यांपाशी थांबायचं, मग स्टेशनबाहेर चहा. दिवाळी पहाट असली की भैरवीनंतर थेट तर्री पोहे, वरून रस्सा दोनदा मागून. बर्डीवरच्या त्या कॅसेटच्या दुकानात दोन तास उभं राहून एक कॅसेट घ्यायची. आता तिथून जातो तेव्हा डोक्यावरून मेट्रो जाते. रात्री बैठक लांबली की शेवटची मेट्रो निघून गेलेली असते आणि ऑटोवाल्याशी घासाघीस करावी लागते. मला त्याचं काही वाटत नाही.

रेवाला मोठ्या मैदानावरचे कार्यक्रम आवडतात. हिवाळ्यात ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर खासदार महोत्सव भरतो, तिथे तिला नेतो. मफलर गुंडाळून खुर्च्यांवर सगळं नागपूर. सिनेमाचा गायक माइक लोकांकडे करतो आणि हजारो माणसं एका पट्टीत पुढची ओळ गातात, तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. ढोलाचा ठोका तिथे कानात न येता छातीत येतो. तेही खरंच आहे, मी त्याला नाक मुरडत नाही.

आता तुझ्याबद्दल. मागे फोनवर तू म्हणालास, "मी आता हेडफोनवरच ऐकतो. जास्त स्वच्छ ऐकू येतं. आणि ऑफिसातून वेळ कुठे मिळते." मी तेव्हा गप्प बसलो. आज बसत नाही.

वेळेचं सोड. आपले वसंतराव देशपांडे. मूर्तिजापूरला जन्मले, इथे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, आणि वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी केली. दिवसभर आकडे आणि रात्री तो मारवा राग. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून घेतलेला तो मारवा त्यांनी फायलींमध्ये हरवू दिला नाही. ३० जुलै १९८३ ला ते गेले, आपण तेव्हा जन्मलो होतो की नाही असे. पण त्यांच्या नावाचा समारोह इथे भरतो तेव्हा मागच्या रांगांमध्ये बँकेतले, रेल्वेतले, शाळेतले लोक डबा घेऊन ऑफिसातून थेट आलेले असतात. तुझ्या ऑफिसचा बहाणा मला सांगू नको.

खरं कारण मला माहीत आहे. काका गेले त्याला दोन वर्षं झाली आणि तू तेव्हापासून एकाही सभागृहात पाऊल ठेवलेलं नाही. पुण्यात राहून दोन सवाई गंधर्व महोत्सव चुकवलेस. काकूंनी मला सांगितलं, त्यांच्यावर चिडू नको. बाजूची खुर्ची रिकामी असेल याची तुला भीती वाटते. मलाही वाटली होती. पहिल्या वर्षी मी देशपांडे सभागृहाच्या पायऱ्यांवरून परत आलो, तुला सांगितलं नाही इतकंच.

काल त्या अंधारात ती भीती गेली. हेडफोनवर मी पण रोज ऐकतो, मन्या. स्वच्छ ऐकू येतं हे कबूल. पण हेडफोन लावून मी कधीच पेरं मोजलेली नाहीत. आज मुद्दाम आठवून पाहिलं, एकदाही नाही. हात मोबाइलवर असतो, नाहीतर स्टिअरिंगवर. काकांचा हात फक्त माणसांत बसलो की येतो. तू दोन वर्षं त्यांना टाळून राहिला असं तुला वाटतं, पण ते जिथे भेटतात तिथेच तू जात नाहीस.

तर लाइट आले पाऊण तासाने. द्रुत, जलद लयीतली बंदिश, चालू होती. माइकमधून "खर्र" झालं आणि गायिकेने हाताने खूण करून तो बंद ठेवायला सांगितला. काय बाई आहे! शेवटची भैरवीही तशीच झाली, विनामाइक. बाजूचे आजोबा उठताना माझ्या गुडघ्यावर थाप मारून गेले. नावगाव काही नाही. चार तासांत दर समेला आमचे हात एकदम पडले होते, तेवढी ओळख.

बाहेर आल्यावर रेवाने फोन कानाला लावून रेकॉर्डिंग ऐकलं. लाइट गेल्यानंतरचा भाग. म्हणाली, "बाबा, यात काहीच नाही. नुसता पाऊस आहे." थोडं चालल्यावर तिने हात पुढे केला. "तुम्ही बोटांवर काय करून राहिले होते?"

गांधीसागर तलावाच्या कठड्यापाशी आम्ही थांबलो. मी तिचा अंगठा धरला. काकांचे शब्द होते तसेच वापरले, एक बदलला नाही.

आता नीट वाच. डिसेंबरात सवाईला मी पुण्यात येतो आहे. रेवालाही आणतो. तोवर संत्री येतील, काकूंसाठी पेटी घेऊन येईन. तिकिटं मी काढतो, तुझंही. भारतीय बैठकीची, खुर्चीची नाही. तू फक्त रजा टाक. अर्धी चालणार नाही, पूर्ण दिवसाची, कारण तानपुरे जुळत असताना आपण जागेवर असलो पाहिजे. काकांची ती जुनी निळी शाल तुझ्याकडेच आहे ना? रात्री मांडवात थंडी वाजते, ती घेऊन ये.

उत्तर फोनवर देऊ नको, लिही.

तुझा,
पक्या

ता. क. तिला तीनताल आला आहे. एकताल अजून अनामिकेवर चुकतो. तो तू शिकव.