बेडरूमच्या टीव्हीसाठी म्हणून विकलेले स्पीकर आवाज कमी केला की झोपतात, तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी

विषय: पॉवर्ड स्पीकरची जोडी, ऑटो स्टँडबाय (सिग्नल नसला की आपोआप बंद होणं) आणि टीव्ही रिमोटबद्दल वेबसाइटवर दिलेली चुकीची माहिती

नमस्कार,

तुमच्याच वेबसाइटवरून मी ही स्पीकरची जोडी घेतली. माझी आधीची तक्रार तुम्ही "प्रॉडक्ट डिझाइनप्रमाणे चालतंय" असा शेरा मारून बंद केलीत. चालतंय डिझाइनप्रमाणेच, ते मलाही मान्य आहे, पण ज्या कामासाठी तुम्ही हे विकताय त्या कामाला ते डिझाइनच चालत नाही म्हणून परत सगळं सविस्तर लिहितेय, आणि यावेळी कुणीतरी शेवटपर्यंत वाचावं एवढी विनंती आहे.

आमच्या बेडरूममध्ये 32 इंची टीव्ही भिंतीवर लावलेला आहे आणि तो मुख्यतः माझे सासरे, म्हणजे अप्पा, बघतात. हल्लीचे टीव्ही इतके पातळ असतात की स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून बसवतात, म्हणजे आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. वय झालं की पहिले बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, स, श, फ, थ ही अक्षरं तिथेच असतात, त्यामुळे अप्पांचं म्हणणं असायचं की आवाज येतोय गं पण शब्द कळत नाहीत. मग आवाज वाढवायचा, की मालिकेचं म्युझिक अंगावर येतं आणि बोलणं तसंच घोळात. पलीकडच्या खोलीत माझी लहान मुलगी झोपते, मधली भिंत चार इंची आहे. म्हणजे आम्हाला मोठा आवाज नकोच होता, कमी आवाजात स्पष्ट बोलणं हवं होतं. बेडरूमच्या टीव्हीला बाहेरचे स्पीकर लावणाऱ्या बहुतेक घरांची गरज हीच असणार असं मला वाटतं.

साउंडबारचा विचार केला होता पण टीव्हीखाली कपाटाचं दार उघडतं, तिथे तो बसत नाही. दोन्ही बाजूंना फळ्या आहेत, म्हणून समोर तोंड करून ठेवता येतील असे, आतच अँप्लिफायर असलेले दोन छोटे स्पीकर हे बरोबर वाटलं, वेगळा अँप नको आणि पसारा नको. ब्लूटूथवर टीव्ही ऐकायचा नव्हता कारण त्यात आवाज मागे राहतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात, वायरच हवी होती. तुमच्या पानावर ठळक लिहिलंय "बेडरूम टीव्हीसाठी उत्तम", "टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त करा", "ऑप्टिकल इनपुट". तरी मी घेण्याआधी तुमच्या चॅटवर विचारलं की टीव्हीचाच रिमोट चालेल ना, घरात वयस्कर माणूस आहे, दोन रिमोट त्यांना जमणार नाहीत. उत्तर आलं हो मॅडम चालेल. त्याचा स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे, सोबत जोडलाय.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. टीव्हीच्या रिमोटने आवाज बदलायचा तर वायर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात लावावी लागते, कारण टीव्ही स्वतःचा आवाज कमी-जास्त करतो तो त्याच वाटेने बाहेर जातो. रात्री अप्पा आवाज कमी करतात. आवाज कमी म्हणजे त्या वायरमधून येणारा सिग्नलही कमजोर. तुमच्या स्पीकरमध्ये ऑटो स्टँडबाय आहे, त्याला वाटतं काहीच चालू नाहीये, आणि थोड्या वेळाने तो बंद होतो. बातम्या चालू असताना, वाक्य अर्धवट असताना बंद! हेडफोनच्या भोकात पिन असल्यामुळे टीव्हीचे स्वतःचे स्पीकरही गप्प असतात, म्हणजे पूर्ण शांतता. मग एखादी जाहिरात जोरात लागली की हा ठप्प असा आवाज करून जागा होतो आणि झोप लागलेला माणूस दचकून उठतो.

तुमच्या हेल्पलाइनवाल्याने सांगितलं टीव्हीचा आवाज जास्त ठेवा आणि स्पीकरचा कमी करा. बरोबर आहे, तसं केलं की स्पीकर झोपत नाही, पण मग रोजचा आवाज स्पीकरच्या मागच्या गोल बटणाने कमी-जास्त करायचा का 78 वर्षांच्या माणसाने, अंधारात, फळीवर हात घालून? टीव्हीच्या रिमोटने कमी केला की परत तेच.

मग ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने डिजिटल आवाज नेणारी वायर, लावून बघितलं. पहिल्यांदा काही चॅनेलवर आवाज आणि काही अ‍ॅपवर काहीच नाही. तुमच्या माणसाने सरळ सांगून टाकलं टीव्ही खराब आहे. टीव्ही खराब नव्हता. ऑप्टिकलमधून साधा स्टीरिओ म्हणजे पीसीएम पण जातो आणि डॉल्बी डिजिटल, म्हणजे थिएटरसारखा जास्त स्पीकरसाठीचा आवाज, पण जातो, तुमच्या स्पीकरला फक्त पीसीएम कळतं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ऑटोवरून पीसीएमवर आणलं की सगळीकडे आवाज येतो. हे मी शोधून काढलं. एका ओळीची गोष्ट आहे ही, तुमच्या माहितीपत्रकात का नाही? किती लोकांनी या एका ओळीपायी चांगले स्पीकर किंवा चांगला टीव्ही दुरुस्तीला दिला असेल.

ऑप्टिकलवर स्पीकर झोपत नाही हे खरं, कारण टीव्ही तिथे एकाच ठरावीक पातळीने सिग्नल देतो. पण त्याच कारणाने टीव्हीचा रिमोट आवाजाला लागू होत नाही! तुमचा वेगळा रिमोट वापरावा लागतो, तो बोटाएवढा, सगळी बटणं काळी आणि एकसारखी. म्हणजे रिमोट चालवायचा तर स्पीकर झोपतो, आणि स्पीकर जागा ठेवायचा तर रिमोट चालत नाही. तुमच्या पानावर या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतील असं लिहिलंय, रात्रीच्या वापरात त्या एकत्र मिळतच नाहीत. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं एचडीएमआयचं भोक) दिलं असतंत तर एकाच वायरीत आवाज पण आला असता आणि टीव्हीच्या रिमोटने तो कमी-जास्त पण झाला असता, ही सोय 2009 सालापासून एचडीएमआयमध्ये आहे, काही नवीन नाही.

अजून एक. आमच्याकडे डोंबिवलीत पावसाळ्यात लाइट सारखी येते-जाते. लाइट आली की तुमचा स्पीकर ऑप्टिकलवर होता हे विसरतो, ब्लूटूथवर जातो आणि एक बाई इंग्रजीत "ब्लूटूथ मोड" असं खणखणीत ओरडते. आवाज कितीही कमी ठेवलेला असो, ती बाई त्याच आवाजात ओरडते. रात्री दोन वाजता मुलगी रडत उठते आणि अप्पांना काय झालं तेच कळत नाही. शेवटी झोपताना भिंतीवरचं बटणच बंद करायला लागलो, आणि पुढच्या निळ्या लाइटवर चिकटपट्टी लावलीये कारण त्याने अख्खी खोली उजळते.

तुमचा टेक्निशियन घरी आला होता. त्याने मोबाईलवरून नाचाचं गाणं फुल आवाजात लावलं, खिडकीच्या काचा हादरल्या, आणि "ओके" लिहून सही मागितली. मी म्हटलं दादा, टीव्हीवर बातम्या लावा, आवाज कमी करा आणि थोडा वेळ बसा, तर म्हणाला आमच्या चेकलिस्टमध्ये तसं नाहीये. त्या मुलाचा दोष नाही, तो नीट बोलला. पण माझी तक्रार नेमकी तिथेच आहे, तुम्ही हे स्पीकर जोरात वाजवून तपासलेत, हळू वाजवून कधीच तपासले नाहीत आणि नाव मात्र बेडरूमचं दिलंत.

वॅटचंही तेच. खोक्यावर 120 वॅट छापलंय, सोबतच्या अडॅप्टरवर 18 व्होल्ट 2 अँपिअर लिहिलंय, म्हणजे 36 वॅट. 36 वॅट आत जात असतील तर सलग 120 बाहेर कुठून येणार? मला 36 सुद्धा नकोयत, बेडरूममध्ये दोन-चार वॅटमध्ये सगळं भागतं, पण जिथे आकडा छापायला जागा होती तिथे ऑटो स्टँडबाय बंद करता येत नाही हे छापायला जागा नव्हती का?

आवाजाबद्दल खरं सांगायचं तर तो चांगला आहे. बोलणं स्वच्छ येतं, पहिल्या संध्याकाळी अप्पा म्हणाले आता हरिपाठातला शब्द न् शब्द कळतोय, आणि म्हणून जास्त वाईट वाटतं. म्हणून पहिली मागणी पैशांची नाहीये. ऑटो स्टँडबाय बंद करायची सोय, बोलणारी बाई बंद करायची सोय आणि शेवटचा इनपुट लक्षात ठेवणं, हे सॉफ्टवेअर अपडेटने होत असेल तर करून द्या, मी स्पीकर आनंदाने ठेवीन. होत नसेल तर तसं लेखी कळवा, स्पीकर घेऊन जा आणि पूर्ण पैसे परत करा. बदलून तोच दुसरा पीस नकोय, तोही तसाच झोपणार. आणि दोन्हीपैकी काहीही केलंत तरी वेबसाइटवरचं रिमोटचं वाक्य दुरुस्त करा आणि पीसीएमची ओळ घाला.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो. तो नाही आला तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फी पण नाही. तिथपर्यंत जायची इच्छा नाही, पण वेळ आली तर जाईन.

बिल, चॅटचा स्क्रीनशॉट, अडॅप्टरच्या लेबलचा फोटो आणि स्पीकर मधेच बंद पडतानाचा व्हिडिओ जोडलाय. व्हिडिओत खाली टीव्हीचा आवाज किती आहे तेही दिसतं. फोन दुपारी केलात तर बरं, संध्याकाळी अप्पा टीव्ही बघत असतात.

तुमची एक ग्राहक,
डोंबिवली