स्टार्टरच्या पेटीतली चिठ्ठी

आदरणीय चाचा,

सलाम.

तुम्हाला जाऊन चाळीस दिवसही झाले नाहीत, तुमचा चाळिसावा अजून व्हायचा आहे. मे महिना आहे, पारा ४५ च्या आसपास. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या मृगबागेचे घड भरत आलेत, तिच्यामागून लावलेली कांदेबाग निसवणीवर आहे, म्हणजे घड बाहेर पडताहेत. केळीच्या एका झाडाला रोज २० लिटर धरलं तरी १,८०० झाडांच्या एकराला ३६ हजार लिटर पाणी लागतं. अशात पाणी उपसणारी मोटार जळून चार दिवस गेले, तर घडाच्या फण्या बारीक राहतात आणि मागाहून कितीही पाणी सोडलं तरी भरत नाहीत. तुम्ही पूर्वांचलातले, केळीची बाग इथे येऊन पहिल्यांदा पाहिलीत. पण हा हिशेब तुम्हाला इतका पक्का कळला होता की उन्हाळ्यात तुमच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानाचं शटर रात्रीही अर्धं उघडं असायचं.

तुमच्या आधी जळगाव जिल्ह्यात, रावेर-यावलकडे मोटारी बांधणारे, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरणारे, नव्हते असं नाही. पण जळलेली मोटार टाकली की तिचं तांबं कुठे गेलं ते कळत नसे. नवी तार मूळ गेजपेक्षा (जाडीपेक्षा) बारीक, वेढे कमी, कारण सबमर्सिबलच्या, म्हणजे पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटारीच्या, स्लॉटात (खाचेत) तार हाताने एकेक वेढा ओवावी लागते, आणि बारीक तार पटकन ओवली जाते. बारीक तारेला रोध जास्त, म्हणून ती तापते. वेढे कमी केले की रिकाम्या मोटारीचाही अँपिअर चढतो. महिन्याभरात मोटार पुन्हा वर काढायची आणि उत्तर ठरलेलं: "लाइटच खराब आहे." हे ऐकून ऐकून लोक हतबल झाले होते. त्या दुकानांची नावं इथे नकोत, पण तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मोटार उघडली की आधी मालकाला जवळ बोलवायचात. मोटारीतल्या तिन्ही फेजच्या कॉइल स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरी ताजी दिसली, की एक फेज गेलेली असताना मोटार फिरत राहिली. डेल्टात त्याच कारणाने एकट्या एका फेजचा कोळसा होतो. तिन्ही सारख्या काळवंडल्या तर व्होल्टेज पडलेलं, नाहीतर पंप वाळूने जाम. आणि स्लॉटच्या तोंडाशी एकाच जागी तार फुटलेली असेल, तर ओवताना तिचं आवरण खरचटलं, म्हणजे चूक बांधणाऱ्याची. ही शेवटची गोष्ट तुम्ही स्वतःच्या बांधणीबद्दलही सांगायचात आणि त्या मोटारीची मजुरी घ्यायचा नाहीत.

जुनं वाइंडिंग, म्हणजे जळलेल्या तारेचे वेढे, तुम्ही कधी आगीत टाकून काढलं नाही. आगीत स्टेटरच्या (तार भरायच्या लोखंडी भागाच्या) पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, पत्रे एकमेकांना भिडतात आणि नवी तार घातली तरी लोखंडच तापत राहतं. तुम्ही एका बाजूचे शेंडे कापून तारा ओढून काढायचात. वेळ दुप्पट लागायचा. निघालेलं तांबं मालकासमोर तोलून नव्या तारेच्या हिशेबात वजा करायचात. बांधलेली मोटार रात्रभर हौदात बुडवून सकाळी ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेचं आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासायची, ती पास झाली नाही तर कुणी कितीही घाई केली तरी सोडायची नाही. केबलचे तिन्ही जोड एका रेषेत न घेता खालीवर, त्यावर आधी रबरी टेप आणि मगच पीव्हीसी. मोटारीत स्वच्छ पाणी भरून शाफ्ट हाताने फिरवायचा, बुडबुडे निघू द्यायचे, पुन्हा भरायचं. आत हवा अडकली की वरचं बेअरिंग कोरडं फिरतं. ही भरणी तुम्ही पोराटोरांकडूनही करून घेतलीत, म्हणून आज गावोगाव लोकांना ती येते.

पण आभार मानायला बसलो की आधी आठवते ती चिठ्ठी. प्रत्येक मोटारीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी यायची आणि ती स्टार्टरच्या पेटीत आतून चिकटवायला तुम्ही सांगायचात. तारीख, एचपी, स्लॉट २४, कॉइलचे वेढे, तारेचा गेज, तांब्याचं वजन, स्टार की डेल्टा, आणि खाली जळण्याचं कारण. "प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) काढून ठेवला होता, परत जोडा." "रात्री ऑटोवर (लाइट आली की आपोआप सुरू) ठेवू नका." "पाणी कमी आलं तर मोटार उलटी फिरते आहे, दोन वायरी बदला." वेढ्यांचा आकडा कारागीर जिवापाड लपवतात, कारण तो कळला की गिऱ्हाईक कुठेही जाऊ शकतं. तुम्ही तो मोठ्या अक्षरात लिहून देत होतात. ज्याचं पोट ज्या विद्येवर आहे त्याने ती अशी उघडी करून द्यावी, हा मोठेपणा कुठल्या प्रांताचा, कुठल्या भाषेचा म्हणायचा? ज्या माणसात तो असतो, त्याचाच तो.

सुरुवातीच्या चिठ्ठ्यांवर तुम्ही "केली बाग" लिहायचात. मग जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या तुमच्या धाकट्या मुलीने दुकानात गृहपाठ करता करता तुम्हाला ळ गिरवायला लावला. पुढच्या चिठ्ठ्यांत तो ळ जरा जास्तच गोल आणि ठळक आहे. बनारसहून मुंबईला निघालेला माणूस नात्यातल्या एका कारागिरासाठी भुसावळला उतरला आणि इथलाच झाला. चाची, तिन्ही मुली, गावाकडे दर महिन्याला न चुकता जाणारे पैसे, आणि संध्याकाळच्या डब्यातली लिट्टी जो दुकानात असेल त्याच्या हातावर. इथली तावडी बोली बोलायलाही लागला होतात, हेल मात्र तिकडचाच राहिला.

चाचा, तुमच्या वहीत ज्यांची उधारी होती ते केळीच्या विक्रीची पट्टी हातात पडली की चाचींकडे पैसे पोचते करताहेत. वहीत नसलेलेही दोघे येऊन गेले. आणि मागच्या आठवड्यात साडेसात एचपीची एक मोटार दुसऱ्या गावच्या मिस्तरीने बांधली. स्टार्टरच्या पेटीतली तुमची चिठ्ठी त्याने वाचली, तेच वेढे, तोच गेज घेतला. काम झाल्यावर चिठ्ठी परत चिकटवण्याआधी त्याने ती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला त्या दिवसाची तारीख, तांब्याचं वजन आणि जळण्याचं कारण लिहिलं.

तुमचे,
रावेर-यावल पट्ट्यातले केळी बागायतदार