"झोपता कसे?" असं विचारणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमच्याकडे इतके पेशंट येतात, की मी तुम्हाला आठवणार नाही. नाकाच्या दांड्यावर लाल व्रण आणि हातात परत करायला आणलेलं सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं), असा तो माणूस म्हणजे मी.

स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास मध्येमध्ये थांबण्याच्या आजाराचं, निदान झालं तेव्हा मशीनचं कौतुक पुष्कळ ऐकलं. मास्कबद्दल मात्र एकच वाक्य: "होईल सवय." ज्यांनी तो दिला, त्यांनी मला खुर्चीत ताठ बसवून, मशीन बंदच ठेवून, नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क चढवला आणि "बसतोय की!" म्हणत बिल पुढे केलं. रात्री हवा सुटून थेट डोळ्यांत. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, पट्टे आवळा. आवळून व्रण वाढला, हवा सुटायची ती सुटतच राहिली. वर "पेशंटच नाटकं करतात" हेही कानावर पडलं. त्यांच्याकडेही कॉट होती बरं का, फायली ठेवायला.

तुम्ही आधी विचारलंत, "झोपता कसे? उताणे की कुशीवर?" साधा प्रश्न, पण तोवर कोणाला सुचला नव्हता. मग मला डाव्या कुशीवर आडवं केलंत, उशी माझ्या मनासारखी घेऊ दिलीत, मशीन रात्रीच्याच प्रेशरला लावलंत. आणि वाकून डोळ्याखाली बोटं धरलीत, हवा कुठून येते ते बघायला. उशीने मास्क एका बाजूला ढकलला जात होता, एवढंच! बसून ते कोणाला दिसणार होतं?

नाक मोकळं असतं ना, तोंड उघडं राहतं का, हे विचारून तुम्ही नाकपुड्यांना नुसता टेकणारा नेझल पिलो मास्क दिलात. पट्टे चक्क सैल ठेवलेत. बाहेर रांग असूनही कूस बदलून पुन्हा पाहायला लावलंत. समोरचा सांगतोय ते खरं धरून कामाला लागणारी माणसं भेटली की निम्मं दुखणं तिथेच उतरतं. अशी माणसं पगारासाठीच काम करतात, पण बघणाऱ्याला तसं वाटत नाही.

आता मास्क रात्रभर टिकतो, सकाळी डोकं जड नसतं. चेहऱ्याच्या तेलाने हवा सुटते म्हणालात, म्हणून मास्कचं कुशन, म्हणजे नाकाला टेकणारा मऊ भाग, रोज धुतो.

ते बदलायला येईन तेव्हा शेजारच्या काकांनाही आणतोय. त्यांचं मशीन कपाटात पडून आहे. ते उताणे झोपतात, आधीच सांगून ठेवतो.