युद्ध थांबलं म्हणून शिव्या कोणाला?

संपादक साहेब,

२०२५ च्या १० मे रोजी भारत-पाकिस्तानमधे शस्त्रसंधी झाल्याचं परदेश सचिव विक्रम मिस्रींनी जाहीर केलं आणि त्याच रात्रीपासून आपल्याच लोकांनी एक्सवर त्यांना गद्दार म्हणायला सुरुवात केली, त्यांच्या मुलीलासुद्धा सोडलं नाही, शेवटी त्यांना अकाउंट लॉक करावं लागलं. निर्णय सरकारचा, बिचारा अधिकारी फक्त वाचून दाखवणारा! तेव्हा आमच्या फोंड्यात रोस ऑमलेटच्या गाड्यावर पण हेच चालू होतं, कराची का नाही घेतली म्हणून. घेणारा कोण, तर प्लेट हातात घेऊन उभा असलेला.

पहलगामला २६ निरपराध माणसं मारली, तेव्हा गप्प बसायला पाहिजे होतं असं मी अजिबात म्हणत नाही. लष्कर-ए-तैयबा, जैश ह्या दहशतवादी संघटनांना पलीकडे कोण पोसतं ते शेंबड्या पोराला पण माहीत आहे. पण कधी थांबायचं हे सरकारने ठरवायचं की रात्री नऊच्या डिबेटमधल्या माणसाने?

कट्टर लोकांना निवडणूक जिंकावी लागत नाही, नेमक्या वेळी एक घाव घातला की पुरतं. इस्रायलचं बघा. पॅलेस्टिनींशी झालेला ओस्लो शांतता करार १९९३ चा, आणि नोव्हेंबर १९९५ मधे तो करणारे पंतप्रधान राबिन ह्यांना तेल अवीवच्या शांतता सभेतून बाहेर पडताना गोळ्या घातल्या, कोणी, तर एका ज्यू पोराने. त्याआधी सभांमधे राबिनना नाझी वेशात दाखवणारी पोस्टरं फिरत होती. मग १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमधे पॅलेस्टिनी कट्टर संघटना हमासने बसमधे बॉम्ब फोडले आणि मे मधे ह्या कराराचे विरोधक नेतन्याहू एक टक्क्याहून कमी फरकाने निवडून आले. दोन्हीकडचे कट्टर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण कामं मात्र एकमेकांचीच करतात.

आणि हे लांबचं आहे असं समजू नका. २०२३ च्या शेवटी येमेनच्या हुथी बंडखोरांनी गाझाचं नाव सांगत तांबड्या समुद्रात जहाजांवर मारा सुरू केला, तेव्हा आपल्या सासष्टीतल्या किती तारवटींच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या, घरात झोप उडाली होती ते विचारा. आमच्या ओळखीतली एक बाई दिवसभर मोबाईल घेऊन बसायची, मुलाला पाठवलेल्या मेसेजला व्हॉट्सॅपवर एकच टिक.

आपल्या बाणावलीत २०२३ च्या मे मधे एससीओची (शांघाय सहकार्य संघटनेची) बैठक झाली, पाकिस्तानचा तेव्हाचा परदेशमंत्री बिलावल भुट्टो आला, तिथला परदेशमंत्री जवळजवळ बारा वर्षांनी भारतात आला. चर्चा कशाची? जयशंकरनी हात दिला की लांबून नमस्कार केला! माझं मत विचाराल तर दोघंही एकमेकांशी बोलतच नव्हते, आपापल्या घरच्या टाळ्यांसाठी बोलत होते. बिलावलने तर जास्तच.

पण नेहमी असंच होतं असं नाही. २००७ मधे १८ फेब्रुवारीच्या रात्री पानिपतजवळ समझौता एक्सप्रेसमधे स्फोट झाले, ६८ माणसं गेली, बहुतेक पाकिस्तानी. (केसमधे पुढे आपल्याकडचेच लोक आरोपी झाले, २०१९ मधे कोर्टाने चौघांना सोडलं, म्हणजे केलं कोणी हा प्रश्न तसाच राहिला.) पाकिस्तानचे परदेशमंत्री कसुरी त्याच आठवड्यात दिल्लीला यायचे होते. सहज दौरा रद्द करता आला असता, पण ते आले, आणि २१ तारखेला अण्वस्त्रांच्या अपघातातून गैरसमज होऊन भडका उडू नये म्हणून करारावर सही झाली. स्फोट करणाऱ्याला जे पाहिजे होतं ते दोन्ही सरकारांनी त्याला दिलं नाही, एवढंच.

तसंच एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, ह्या १९८८ च्या भारत-पाकिस्तान करारातलं. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. मधे कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबईचं २६/११ झालं, यादी चुकली नाही. त्यावर टीव्हीवर कोणी डिबेट घेत नाही म्हणूनच ते टिकलं असेल, असा मला दाट संशय आहे.

— एक वाचक, फोंडा